वाचकांचे प्रश्न: निघण्याचा वेळ, वाटेचा वेळ

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की डेटा जाण्यायेण्याच्या वेळेबद्दलचे इंग्रजी शब्द मराठीत आणताना घोळ होतो आणि लेटन्सीला, म्हणजे डेटाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला लागणाऱ्या वेळेला, सरसकट ‘विलंब’ म्हणणं थांबवायला पाहिजे. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना त्यांनाच देऊन टाकला. मी आधी टेलिफोनच्या कामात होतो, आता मशीनची मॅन्युअल आणि मोबाइल ॲपवरचे मेसेज मराठीत करतो, त्यामुळे हे सगळं माझ्या रोजच्या टेबलावरचं काम आहे. काही पत्रं लांब होती, ती थोडी आवरून घेतली आहेत.

नागपूरच्या महालमधून एक निवृत्त मराठी शिक्षक लिहितात: विलंब या शब्दात वाईट काय आहे? गाण्यात विलंबित लय असते, तिला कोणी उशिरा आलेली लय म्हणत नाही. आणि कोशकार डॉ. रघुवीरांनी ज्या गावात बसून हजारो शब्द घडवले त्याच नागपुरात आपण संस्कृत शब्द टाळून राहिलो, याचं वाईट वाटतं.

सर, नमस्कार. तुमचा विलंबित लयीचा मुद्दा एकदम बरोबर आहे, मी दोन दिवस त्यावरच विचार करत होतो. लंब म्हणजे लोंबणं, लांबणं, आणि गवयांनी तो जुना अर्थ अजून सांभाळून ठेवलाय. पण बाकीच्या मराठीत त्या शब्दाचं काय झालं ते बघा नं. वीजबिलावर विलंब शुल्क असतं, स्टेशनवर गाडी विलंबाने धावत असल्याची घोषणा असते, सरकारी पत्रात विलंबाबद्दल खुलासा मागवतात. म्हणजे विलंब म्हटलं की एक ठरलेली वेळ होती आणि ती कोणीतरी चुकवली, असंच आपल्या कानाला ऐकू येतं.

लेटन्सीत कोणीच काही चुकवलेलं नसतं. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याच्या कडेकडेने फायबर टाकली असं धरलं तर सिग्नलला दुसऱ्या टोकाला पोचायला साडेतीन मिलिसेकंद लागणारच, मशीन कितीही महाग घ्या. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, तिथे वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद जातो. एका डिशच्या मॅन्युअलमध्ये याला ‘सिग्नल विलंब’ असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय आणि ते वाचून बसवणारा पोरगा दोनदा केबल बदलून मोकळा झाला, कारण त्याच्या मते विलंब म्हणजे बिघाड. त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं, शब्दाने त्याला तसंच सांगितलं होतं.

डॉ. रघुवीरांबद्दल माझ्या मनात खूप आदर आहे. लाहोरची त्यांची संस्था नागपूरला आली, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारासाठी त्यांनी इथे शब्द घडवले, आणि त्यांच्या पद्धतीत जी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते ती म्हणजे शब्द एकटा घडवायचा नाही, त्याचं घराणंच उभं करायचं. विधी, विधान, विधेयक, संविधान, एकाच धातूतून निघालेले शब्द, आणि एक कळला की दुसरा अर्धा कळतोच. मला तेच करायचंय सर, फक्त धातू बोलण्यातले घ्यायचेत. जाणं-येणं, निघणं, पोचणं, वाट, फेरी, रांग, पोच, मुदत, हे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेळ आणि प्रवास यांच्यासाठीच वापरात आहेत. कायद्याचा वाचक एक वाक्य तीनदा वाचतो, पण मोबाइलवरचा मेसेज वाचणाऱ्याकडे दोन सेकंद असतात आणि पुष्कळदा डोळ्यांवर चष्मा नसतो.

पॉलिटेक्निकच्या एक प्राध्यापिका, मानेवाडा: मुलांसाठी मराठीत नोट्स काढून राहिले. ट्रान्समिशन डिले आणि प्रोपगेशन डिले या दोन्हींना मला ‘प्रसारण विलंब’च मिळतं. परीक्षेत तर दोघांतला फरकच विचारतात. काय करू?

मॅडम, या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द दिला तर मुलाला ती गोष्ट एकच आहे असं वाटणार, मग तो सूत्र पाठ करेल पण समजणार त्याला काहीच नाही. आणि प्रसारण हा शब्द तसाही अडचणीचा आहे, त्याने रेडिओ-टीव्ही डोळ्यांसमोर येतो. पारेषण म्हणाल तर आपल्याकडे महापारेषणमुळे तो विजेच्या टॉवरला जाऊन चिकटलाय. संप्रेषण म्हणावं तर वर्गात ते कम्युनिकेशनला वापरून झालेलं असतं.

मुलांना अजनीला उभी असलेली मालगाडी दाखवा. पन्नासेक डब्यांची गाडी आहे. इंजिन सिग्नलपाशी आलं तेव्हापासून शेवटचा डबा तिथून बाहेर पडेपर्यंत जो वेळ गेला तो एक. इंजिनाला तिथून ऐंशीएक किलोमीटरवरच्या वर्ध्याला जायला जो वेळ लागला तो दुसरा. पहिला वेळ गाडी किती लांब आहे आणि किती भराभर बाहेर पडते यावर ठरतो, वर्धा जवळ आहे की लांब याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दुसरा फक्त अंतरावर आणि वाटेतल्या वेगावर, तिथे डबे दहा असोत की पन्नास. एवढंच की आपल्या तारेत वाटेतला वेग कोणाच्या हातात नसतो, तो काचेचा किंवा तांब्याचा गुण आहे.

मी पहिल्याला, म्हणजे ट्रान्समिशन डिलेला, ‘निघण्याचा वेळ’ म्हणतो आणि दुसऱ्याला, म्हणजे प्रोपगेशन डिलेला, ‘वाटेचा वेळ’. आकडे घातले की मुलांना लगेच पटतं. नेटवर डेटा छोट्या पाकिटांतून (पॅकेट) जातो. इथरनेटच्या, म्हणजे केबलच्या नेटवर्कच्या, एका पाकिटात जास्तीत जास्त १,५०० बाइट माल, म्हणजे १२,००० बिट. लाइन १० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १ कोटी बिटची, असेल तर ते पाकीट पूर्ण निघायला १.२ मिलिसेकंद, १०० एमबीपीएसची घेतली तर ०.१२. म्हणजे दहापट वेगाचा प्लॅन घेतल्यावर निघण्याचा वेळ दहापट कमी झाला. पण तो ७०१ किलोमीटरचा वाटेचा वेळ? साडेतीन मिलिसेकंद होता, साडेतीनच राहिला. लोक मला विचारतात की स्पीड वाढवूनही कॉलवर समोरचा तसाच थांबून थांबून काऊन बोलते, तर त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. रस्त्याला पदर वाढवले म्हणून मुंबई जवळ येत नाही.

लेटन्सीचे असे चार तुकडे असतात, उरलेले दोन मग सोपे जातात. राउटरपाशी आधीची पाकिटं उभी असतील तर ‘रांगेतला वेळ’, आणि राउटर पत्ता वाचून कुठल्या तारेवर ढकलायचं ते ठरवतो तो ‘हाताळणीचा वेळ’. या चौघांत रांगेतला वेळच काय तो लहरी, बाकीचे तीन बऱ्यापैकी ठरलेले. संध्याकाळी आठ वाजता सगळं घर नेटवर असतं तेव्हा वाढते ती रांग.

एक मात्र करा, नोट्समध्ये प्रत्येक शब्दापुढे ट्रान्समिशन डिले, प्रोपगेशन डिले, क्यूइंग डिले, प्रोसेसिंग डिले असं देवनागरीत लिहून द्या. मुलांना पुढे इंग्रजी पुस्तक उघडावंच लागणार आहे, त्यांचा पूल आपण तोडायचा नाही.

इतवारीतले एक किराणा दुकानदार: गिऱ्हाइकाने १,४५० रुपये स्कॅन करून पाठवले, त्याच्या मोबाइलवर आलं ‘वेळ संपली, व्यवहार अयशस्वी’. मग त्याने पुन्हा पाठवले. संध्याकाळी पाहतो तर दोन्ही जमा. मी परत दिले ते जाऊ द्या, पण चूक कोणाची?

भाऊ, तुम्ही पैसे परत केलेत, गिऱ्हाइकाला तुमची आठवण राहील. चूक कोणाची याचं उत्तर द्यायला मी बँकेचा माणूस नाही, पण त्या मेसेजमधली मराठी चुकीची आहे एवढं मी ठामपणे सांगू शकतो, आणि हे मला मनापासून लागतं कारण असे मेसेज माझ्यासारखीच माणसं लिहितात.

‘वेळ संपली’ हे इंग्रजीतलं टाइमआउट. टाइमआउट म्हणजे नेमकं काय होतं? मी तुम्हाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं आणि आठ दिवसांत पोचपावती आली नाही. आता मला काय माहीत आहे? फक्त एवढंच की पोच आली नाही. पत्र वाटेत हरवलं असेल, किंवा तुम्हाला मिळालंही असेल आणि परत येणारी पोचपावती हरवली असेल, इथे बसून मला हे दोन वेगळे करताच येत नाहीत. टाइमआउट म्हणजे मी वाट बघणं थांबवलं, बस. आता हेच ‘अयशस्वी’ असं लिहिलं तर जी गोष्ट ॲपला माहीतच नव्हती ती त्याने छातीठोकपणे सांगितली, आणि वाचणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवून १,४५० रुपये पुन्हा पाठवले.

इंटरनेटच्या आतसुद्धा हाच खेळ दिवसरात्र चालू असतो. पाठवणारा पाकीट पाठवतो, पोच यायची वाट बघतो, फेरीला साधारण किती वेळ लागतो ते मोजत राहतो आणि त्यावरून वाट कितीवेळ पाहायची ते ठरवतो, अजून काही मोजलंच नसेल तर १ सेकंदापासून सुरुवात करतो, आणि पोच नाही आली की तेच पाकीट पुन्हा सोडतो. तिथे गोंधळ होत नाही कारण प्रत्येक पाकिटावर नंबर असतो, त्याच नंबराचं दुसऱ्यांदा आलं तर घेणारा ते बाजूला टाकतो. तुमच्या गिऱ्हाइकाने पुन्हा स्कॅन केलं तेव्हा नवा नंबर पडला, म्हणून बँकेच्या दृष्टीने ते नवीनच पेमेंट होतं.

मग मेसेज कसा असावा? मी असा लिहीन: ‘बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. पैसे गेले असू शकतात. पुन्हा पाठवण्याआधी हिस्टरी तपासा.’ तीन छोटी वाक्यं, आणि तिन्ही खरी. बटणाएवढीच जागा असेल तर ‘उत्तर प्रलंबित’ चालेल, प्रलंबित हा शब्द कोर्टकचेरीमुळे आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात निकाल लागलेला नाही हे स्पष्ट असतं. सर, महालवाले, बघा, तोच लंब इथे किती चपखल बसला.

आणि एक कामाची गोष्ट कापून ठेवा. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, त्यात यूपीआयसाठी मुदती दिल्या आहेत. एका खात्यातून पैसे कटले पण दुसऱ्या खात्यात पोचलेच नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला पाहिजेत, दुकानदाराला केलेल्या पेमेंटची खात्री त्याच्याकडे पोचली नाही तर ५ दिवसांत, आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे बँकेनेसुद्धा मान्य केलंय की ‘माहीत नाही’ ही एक वेगळी अवस्था आहे आणि तिला मुदत लागते. भाषेने पण ते मान्य केलं पाहिजे.

प्रतापनगरचा एक अकरावीतला वाचक: काका, गेममध्ये पिंग ३५ दाखवते तरी लॅग होते. पिंग आणि लॅग एकच नं?

नाही रे बाबा. पिंग म्हणजे फेरीचा वेळ, तुझ्याकडून सर्व्हरला आणि सर्व्हरकडून परत तुझ्याकडे, मिलिसेकंदात. हे नाव माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रॅमचं आहे, पाणबुडीच्या सोनार यंत्राचा आवाज जसा आदळून परत येतो त्यावरून त्याने ते ठेवलं. ते नाव आवाजावरून आलंय म्हणून मी त्याचं भाषांतर करतच नाही. लॅग म्हणजे तुला जाणवतं ते मागे पडणं, आणि ते फेरीमुळे होऊ शकतं तसं तुझा फोन तापून चित्र काढायला वेळ लावत असेल तर त्यानेही होऊ शकतं. पिंग ३५ वर स्थिर असेल तर आधी फोनकडे बघ, पिंग ३५, ९०, ४० असं उड्या मारत असेल तर खालचं उत्तर वाच.

लक्ष्मीनगरच्या एक गायन शिक्षिका: ऑनलाइन क्लासमध्ये मुलीचा आवाज मध्येच धावतो, मध्येच तुटतो. नेटवाला म्हणाला जिटर आहे. डिक्शनरीत ‘कंपन’ दिलंय. आवाजाचं कंपन तर चांगली गोष्ट असते!

ताई, कंपन इथे साफ चुकीचं आहे आणि गाणाऱ्या माणसाला तर ते जास्तच खटकणार. काही हलत नाहीये, पाकिटांची यायची वेळ मागेपुढे होतेय. मराठीत आपण ‘वेळ मागेपुढे होते’ असं रोज म्हणतो, तेच जिटरचं मराठी.

तुमच्याकडे दूधवाला गोठ्यातून निघून चाळीस मिनिटांनी येत असेल, त्याने तुमचं काहीच अडत नाही, ती झाली लेटन्सी. पण आज पावणेसहाला, उद्या साडेसहाला, परवा सहाला असं झालं की चहा अडतो. मग तुम्ही काय करता, एक पिशवी जास्तीची घेऊन फ्रीजमध्ये ठेवता. आता तो कधीही आला तरी चहा वेळेवर होतो, पण तुम्ही कायम कालचं दूध वापरता. कॉलच्या ॲपमध्ये अगदी हेच असतं, आवाजाची पाकिटं साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतात, येताना मागेपुढे होतात, म्हणून ॲप थोडी साठवून मग वाजवतं. साठा कमी ठेवला तर आवाज तुटतो, जास्त ठेवला तर तुटत नाही पण समोरचं बोलणं उशिरा ऐकू येतं. बोलण्यासाठी एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतं असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

पण तुम्ही तबल्यावर एकत्र रियाज करायचं म्हणत असाल तर ते १५० कामाचं नाही. पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की दोघं एकमेकांना धरून राहू शकत नाहीत, लय हळूहळू खाली ओढली जाते. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंद हे तबलजी दहा मीटर लांब बसल्यासारखं. म्हणून ठेका मुलीच्या घरीच वाजू द्या आणि तुम्ही फक्त ऐका. आणि वायफायऐवजी केबल लावून बघा, मागेपुढे होणं पुष्कळ कमी होतं.

एमआयडीसी हिंगण्याहून एक सुपरवायझर: रियल टाइमला ‘वास्तविक वेळ’ लिहिलंय पॅनेलवर. बरोबर?

नाही. त्या शब्दाचा अर्थ फार फास्ट असाही नाही. ठरलेल्या मुदतीत काम झालंच पाहिजे, मुदत चुकली तर उत्तर बरोबर असूनही उपयोग नाही, एवढाच त्याचा अर्थ. एअरबॅग अर्ध्या सेकंदाने उघडली तर तिचं काय करायचं? पॅनेलवर ‘मुदतबद्ध’ लिहा. आणि तिथे नुसतं चालू रीडिंग दाखवत असेल तर ‘आत्ताचे रीडिंग’ लिहा, ऑपरेटरला तेच पाहिजे असतं.

डिप्लोमाचा एक विद्यार्थी, वाडी: सर, एसिंक्रोनस म्हणजे असमकालिक असं पाठ केलं. पण सिरियल पोर्टमध्ये पण एसिंक्रोनस आणि प्रोग्रॅमिंगमध्ये पण एसिंक्रोनस, दोन्हीकडे वेगळंच सांगतात.

वेगळंच आहे, म्हणून तू गोंधळलास ते बरोबरच झालं. सिरियल पोर्टमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक बिट पाठवणाऱ्या जोडणीत, प्रश्न असतो की ताल कोण धरणार. लेझीम खेळताना सगळे एकाच ढोलाकडे कान लावून असतात, तसं घड्याळाची वेगळी तार असली की सिंक्रोनस. ती तार नसेल तर दोघांनी आधीच वेग ठरवून घ्यायचा, समज ९६०० बॉड (इथे म्हणजे सेकंदाला ९६०० बिट), आणि प्रत्येक अक्षराआधी एक स्टार्ट बिट द्यायचा, फोनवर हॅलो म्हणतो तसा, की घेणारा तिथून आपलं घड्याळ मोजायला लागतो. एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा. स्टार्ट, ८ डेटा, स्टॉप मिळून १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. प्रत्येक अक्षराला नवं हॅलो असल्यामुळे दोघांची घड्याळं एखाद-दोन टक्के पुढेमागे असली तरी निभावतं. याला मी ‘ज्याच्या-त्याच्या घड्याळाने’ असं वर्गात सांगतो.

प्रोग्रॅमिंगमध्ये तालाचा प्रश्नच नाही, तिथे प्रश्न आहे की मी काम सांगून थांबणार की पुढे जाणार. चक्कीवर दळण ठेवून तिथेच बाकावर बसलो तर सिंक्रोनस, डबा ठेवून भाजी आणायला निघून गेलो आणि झालं की फोन करा म्हटलं तर एसिंक्रोनस. इथे ‘न थांबता’ हा शब्द पुरतो.

बॉडचं मराठी काय असंही तू खाली विचारलंस. काही नाही, बॉडच. एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याच्या नावावरून तो आला आहे, व्होल्ट आणि वॅटसारखा, माणसाच्या नावाचं भाषांतर करत नाहीत. फक्त तो बिट दर सेकंदाचा जुळा भाऊ समजू नको. बॉड म्हणजे तारेवरची खूण सेकंदाला किती वेळा बदलते ते. तुझ्या सिरियल पोर्टवर दोन्ही आकडे सारखेच येतात, पण ९,६०० बिटवाले जुने व्ही.३२ मोडेम टेलिफोनच्या तारेवर चालायचे फक्त २,४०० बॉडने, एका खुणेत ४ बिटचा माल भरून.